रजेचं कारण

आमच्या खात्यात कोणाला आजारी पडायचं असलं, की तो डॉक्टरकडे जाण्याआधी माझ्या टेबलाशी येत असे. ही बढाई नाही. सिल्वासाच्या शिक्षण खात्यात आस्थापना शाखेत मी बावीस वर्षं काढली, त्यातली सतरा रजेच्या अर्जांवर. कोणत्या दाखल्यावर किती दिवस मिळतात, कोणता दाखला सरळ पुढे सरकतो आणि कोणता सर्व्हिस बुकाला गोचिडासारखा चिकटून बसतो, हे मला तोंडपाठ होतं. पाठदुखीला दहा दिवस. काविळीला तीन आठवडे, वर सगळ्यांची सहानुभूती. मुंबई-कोकणातून इथे नोकरीला आलेले मास्तर गावाकडच्या गणपतीआधी माझ्यासमोर येऊन उभे राहत आणि हळूच विचारत, "विश्वनाथराव, काय लिहून आणू?" मी चष्मा पुसत सांगायचो. आजार मी वाटायचो, डॉक्टर फक्त सही करायचे.

घरी टोकरखाड्याच्या क्वार्टरमध्ये जेवायला बसलो, की दिवसभरातले दाखले मी रजनीला ऐकवायचो. अमक्या मास्तरांना मूळव्याध, तमक्या बाईंना अंगावरून जातंय, हेडमास्तरांना साखर. रजनी स्वतः मराठी शाळेत शिक्षिका, म्हणजे ही सगळी तिच्या ओळखीची माणसं. ती म्हणायची, "अहो, पुरे." मी म्हणायचो, "घरातच तर बोलतोय." एकदा सुरंगीकडच्या शाळेतल्या एका बाईंचा दाखला आला, त्यावर मनोविकारतज्ज्ञाचा शिक्का. मी घरी आल्या आल्या सांगितलं, "बाई कामातून गेली." बाहेर कोणाला सांगितलं नाही. फक्त चहाच्या टपरीवर एकदा विषय निघाला म्हणून बोललो. महिन्याभरात त्या बाईंना पाहून पालक मुलांची नावं काढायला लागले आणि बाईंनी बदली मागून घेतली. मला त्यातून एवढंच कळलं, की असला शिक्का फार वाईट.

रजनीचं दुखणं चौऱ्याऐंशी साली सुरू झालं. खरं तर त्याची सुरुवात मी दुखणं म्हणून पाहिलीच नाही. त्या वर्षीच्या गॅदरिंगला तिने चाळीस मुलांचे पोशाख एकटीने शिवले. पहाटे तीनला उठायची, मशीन चालू. शाळेतून आली की कॉलनीतल्या मुलांना गोळा करून नाच बसवायची, त्यातच शिक्षणाधिकाऱ्यांना पत्रं लिहायची, त्यातच पापड लाटायला घ्यायची. बोलणं इतकं भरभर, की तिचं वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू व्हायचं. मला केवढा अभिमान! "आमच्या हिच्या अंगात वारं शिरलंय," असं मी चारचौघांत सांगायचो. शीतल, आमची एकुलती एक, तेव्हा तीन वर्षांची होती आणि आईच्या मागे मागे नाचायची.

मार्चात सगळं उलटलं. रजनी खाटेवरून उठेना. उठली की रडायची, आणि रडायचं कारण सांगायची ते असं, की तिने चौथीच्या वर्गाला सत्तावीसचा पाढा चुकीचा शिकवला आणि आता त्या मुलांचं आयुष्य वाया जाणार. मी एका मुलाची वही आणून तिच्यासमोर धरली. सत्तावीस नवे दोनशे त्रेचाळीस. बरोबर होतं. ती वहीकडे बघायची आणि म्हणायची, "तुम्ही दुरुस्त करून आणलंत." भर दुपारी ती घरोघर जाऊन आयांकडे वह्या मागायला लागली, तेव्हा मात्र हे दुखणं आहे, हे मला मानावं लागलं.

आता इथे कोणीही शहाणा माणूस काय विचारेल? हिला काय झालंय, आणि ते कोणाला कळेल? मी ते विचारलं नाही. मी रजेच्या अर्जांची सवय असलेला माणूस. मी विचारलं, दाखल्यावर काय येईल?

रजनीच्या रजेचा अर्ज आमच्याच शाखेत येणार होता. बायकोचा कागद नवऱ्याने हाताळू नये म्हणून तो माझ्या शेजारच्या टेबलावर जाणार, भावेशकडे. भावेश वापीचा, चुणचुणीत पोरगा, जिभेला हाड नाही असं माझं मत. त्याने वाचलं म्हणजे कचेरीने वाचलं, कचेरीने वाचलं म्हणजे शाळेने. मग रजनीला वर्ग कोण देणार? आणि उद्या शीतलच्या लग्नात हे निघालं तर? मी सगळा हिशेब मनाशी मांडला आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तिला घेऊन गेलो.

ते साध्या तापा-खोकल्याचे डॉक्टर, पण माणूस भला. त्यांनी तिला तपासलं, बोलतं केलं, मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "रक्त थोडं कमी आहे, त्याची इंजेक्शनं देतो. पण हे रक्ताचं नाही वाटत. मनाच्या डॉक्टरला एकदा दाखवा." मी म्हणालो, "आधी इंजेक्शनं द्या. आणि दाखल्यावर रक्तक्षय लिहा." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि लिहून दिलं. जून संपता संपता रजनी उठून बसली. जेवायला लागली, शाळेत गेली. मी पेढे वाटले. डॉक्टर मात्र पेढा हातात धरून म्हणाले, "मी काही केलेलं नाही." मला तो त्यांचा विनय वाटला.

हेच त्या दुखण्याचं लबाडपण. ते आपलं आपण यायचं आणि आपलं आपण जायचं, आणि जाताना श्रेय ज्याच्या दारात आम्ही उभे असू त्याला देऊन जायचं.

सत्त्याऐंशीला ते परत आलं. आता रक्तक्षय दुसऱ्यांदा कसा लिहिणार? मी शोध घेतला आणि मला एक भारदस्त शब्द सापडला, न्यूरो. सुरतेला एक मोठे न्यूरोचे डॉक्टर होते. नसांचा, मेंदूचा डॉक्टर. मन म्हटलं की लोक हसतात, मेंदू म्हटलं की गंभीर होतात. डोक्याला तारा लावून आलेख काढतात म्हणे! त्या आलेखाची गुंडाळी काखेत मारून मी कचेरीत चार दिवस मिरवली असती.

आलेख निघाला. डॉक्टरांनी तो पाहिला, रजनीच्या गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी टाकली आणि सांगितलं, "नसा ठीक आहेत, मेंदूत गाठ नाही, फिटचा आजार नाही. माझ्याकडचं हे दुखणं नव्हे. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा." मी विचारलं, "पण साहेब, तिचं डोकं दुखतं की नाही?" रजनी मान खाली घालून बसली होती. ती म्हणाली, "दुखतं." डोकं कोणाचं दुखत नाही? मला अर्धशिशीचा दाखला मिळाला, सोबत झोपेच्या गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांनी रजनी झोपायची तेवढी झोपायची आणि जागी असली की विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी बोलायची. पाच महिने.

त्या पाच महिन्यांत शीतलला बघणारं कोणी नव्हतं. सहा वर्षांची पोर आईच्या उशाशी बसून तिच्या पापण्या बोटांनी उघडायची. माझी मोठी बहीण लीलाताई दापोलीहून आली, दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "विशू, दोन महिने पोरीला माझ्याकडे पाठव." लीलाताईला मूलबाळ नाही. शीतल गेली. रजनीला कळलंच नाही, ती झोपेत होती.

मग नेहमीप्रमाणे ते ओसरलं. रजनी बरी झाली आणि पहिल्यांदा म्हणाली, "शीतलला आणू या." पण शाळेचं वर्ष अर्ध्यावर होतं, म्हणून मी म्हटलं, मे महिन्यात जाऊ. मे महिन्यात आम्ही दापोलीला गेलो. रजनीने फ्रॉक शिवून नेला होता. शीतल लीलाताईच्या पदरामागे उभी राहिली आणि लीलाताईलाच म्हणाली, "आई, मला ह्यांच्याबरोबर नाही जायचं." लीलाताई ओशाळली, तिला दटावायला लागली. रजनी म्हणाली, "असू दे, रागावू नका." फ्रॉकही लांडा झाला होता. रजनीने मनात सहा वर्षांचीच मुलगी धरून शिवला होता. येताना बसमध्ये आम्ही दोघंच होतो, ती खिडकीशी बसून होती. मी तिला उसाचा रस पाजला. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

नव्वद साली तिसरी खेप. ह्या वेळी रजनीच्या चुलतभावाने ठाण्याच्या एका बाईंचं नाव सुचवलं. "डॉक्टर आहेत, मनाचंच बघतात, पण गोळ्या-इंजेक्शनं नाहीत, नुसतं बोलतात." मला पटलं. नुसतं बोलणं म्हणजे आजारही नव्हे, शिक्काही नव्हे. बाईंच्या दारावर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं. मी निश्चिंत झालो.

बाई फार चांगल्या. रजनी त्यांच्याशी बोलली, आमच्याशी बोलत नव्हती इतकं बोलली. तिसऱ्या भेटीनंतर त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं.

"विश्वनाथराव, मी मानसशास्त्राची प्राध्यापिका आहे," त्या म्हणाल्या. "माझी डॉक्टरकी पुस्तकाची आहे, औषधाची नाही. मी त्यांच्याशी बोलेन, त्याचा आधार होईल, पण आधी औषध हवं. पाढा चुकला असं त्यांना वाटत नाही, त्यांना ते दिसतं. हे बोलून जाणारं नाही."

"मग दाखला तुम्ही देणार नाही?"

"रजेचा दाखला मला देता येत नाही. तो मनोविकारतज्ज्ञ देतील. ते एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनाचं शिकलेले असतात." त्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहिलं. "हे मुंबईचे, पण महिन्यातून दोन शनिवार वापीला येतात. तुम्हाला जवळ पडेल. ह्याच आठवड्यात जा."

वापी. आमच्या घरापासून जीपने अर्ध्या तासावर. आणि भावेशचं गाव. मी चिठ्ठीची घडी केली. बाहेर आलो तर रजनी उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काही विचारायची इच्छा दिसत होती.

"काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या, बरीच सुधारणा आहे," मी सांगितलं. "आता यायची गरज नाही."

तिचा चेहरा पडला. तिला तिथे यायचं होतं. मी ते पाहिलं, आणि तरी तिला रिक्षात बसवलं. ह्या गोष्टीला माझ्याकडे सबब नाही. डॉक्टर चुकले म्हणावं तर एकही चुकला नाही. तिघांनी तीन गावांत मला एकच गोष्ट सांगितली होती आणि तिघांकडून मी मला हवं तेवढंच उचललं.

चिठ्ठी मी फाडली मात्र नाही. सरकारी माणूस कागद फाडत नाही, दडवतो. कपाटात माझ्या जुन्या दाखल्यांची एक फाइल होती, तिच्यात ती गेली.

तीही खेप आपली आपण गेली. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर चौथी आली, तेव्हाची गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास दार वाजलं. दारात सुकदेव. हा नंदुरबारकडचा, मसाटच्या एका सूत कारखान्यात मशीनवर, आमच्या क्वार्टरमागच्या चाळीत बायकोमुलांसह राहायचा. माझी त्याची ओळख नळावरची. रातपाळी करून सायकलवरून येत होता. सायकलच्या पलीकडे रजनी उभी होती, अंगावर घरातलं लुगडं, पाय अनवाणी. मी तोवर समजत होतो, की ती आतल्या खोलीत झोपली आहे.

"साहेब, वहिनी पुलावर व्हती," सुकदेव म्हणाला. "दमणगंगेच्या. चप्पल काढेल व्हती, कठड्याले धरीसन उभी. म्हनलं, चला घरी सोडतो. मागं मागं आली बिचारी."

मी रजनीला आत नेऊन बसवलं आणि बाहेर येऊन त्याच्यासमोर हात जोडले. मला वाटतं, त्याला माझी दया आली. तो सायकलला टेकून बोलायला लागला.

"आमची भिमाबाई बी तशीच झाली व्हती, पोरगी झाल्यावर. पोरीले हात लावे ना. पहिले सुरंगीच्या भगताकडे नेलं. कोंबडं दिलं, धागा बांधला. दोन महिने गेले, काही फरक नही. मंग सरकारी दवाखान्यात गेलो, केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, डोकं फिरलं त्याचा डाक्टर कुठं भेटतो? त्यानं वापीचा पत्ता लिहून दिला. आता चांगली शे. तुम्ही पाहता नं, नळावर भांडते."

"खिडकीवर विचारलंत? सगळ्यांसमोर?"

"खिडकीवर नही विचारनार तं कुठं विचारनार, साहेब?"

"आणि कंपनीत कळलं तर?"

"कळलंच. खाडे पडले त्याचे पैसे कापले. आम्हाले कोणाले कागद दाखवायचा?" तो हसला. "कितीक दिवसापासून हाये वहिनीले?"

मी म्हणालो, "थोडे दिवस झाले." नऊ वर्षं हा आकडा माझ्या तोंडून निघाला नाही. भगताला कोंबडं देणाऱ्या माणसाला खरी जागा दोन महिन्यांत सापडली होती. आणि मी, ज्याला सगळे आजार पाठ, कोंबड्याऐवजी नऊ वर्षं आपली बायकोच देत बसलो होतो.

पुढच्या शनिवारी आम्ही वापीला गेलो. औषधांच्या दुकानावर लाकडी जिना, वर दोन खोल्या, बाकावर दहाबारा माणसं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, आणि कोणी वेडंही दिसत नव्हतं. मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसलो.

डॉक्टर चाळिशीतले, दाढी पांढरी व्हायला लागलेली. रजनीशी ते बराच वेळ बोलले. मग मला विचारलं, "ह्याच्या उलटं कधी झालं होतं? म्हणजे खूप आनंदात, खूप उत्साहात, झोप नाही तरी थकवा नाही?"

नऊ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला, कारण विचारू शकेल अशा माणसापुढे मी तिला नेलंच नव्हतं. मी त्यांना चाळीस पोशाखांचं सांगितलं. सांगता सांगता मला आठवलं, की प्रत्येक पडझडीआधी असं एक उधाण येऊन गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी त्याचं कौतुक केलं होतं.

"हा एकच आजार आहे, दोन टोकांचा," डॉक्टर म्हणाले. "चांगला माहितीतला आहे, औषधही आहे. गोळी चालू ठेवायची, अधूनमधून रक्त तपासायचं. बऱ्या झाल्या की बोलणाऱ्या बाईंकडेही पाठवा, त्यांचीही गरज लागेल. आजवर कोणाला दाखवलं?"

मी सांगितलं. फिजिशियन, न्यूरो, मानसशास्त्राच्या प्राध्यापिका.

"आणि ह्यातल्या कोणीच तुम्हाला माझ्यासारख्याकडे जायला सांगितलं नाही?" त्यांचा आवाज चढला होता. मी म्हणालो, "नाही." शेजारी बायको बसलेली असताना मी परत खोटं बोललो.

उठताना मी विचारलंच. "डॉक्टर, रजेसाठी दाखला लागेल. त्यावर जरा... अर्धशिशी असं लिहिता येईल?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मी खोटं लिहीत नाही. आणि ह्यांच्या आजाराची लाज वाटायचं मला कारण दिसत नाही." त्यांनी आजाराचं नाव खरं, पूर्ण, खाली शिक्क्यासकट लिहून दिलं. मी तो दाखला घरी आणला आणि त्याच फाइलमध्ये घातला. म्हटलं, बघू, काहीतरी मार्ग काढू. तोवर रजा बिनपगारी लटकली तरी चालेल.

सहा आठवड्यांनी, जानेवारीत, रजनी एका सकाळी उठली आणि तिने स्वतःहून केस विंचरले. मग म्हणाली, "भूक लागली." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडलो. ती पूर्वीही बरी झाली होती, पण हे बरं होणं निराळं होतं. पूर्वी पूर ओसरल्यावर मागे चिखल राहायचा. आता ती माझ्याशी बोलताना सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तेच मला पुढे जड गेलं.

महिनाअखेरीला ती म्हणाली, "माझ्या रजेचं काय झालं?" मी म्हटलं, "चाललंय." तिने वाद घातला नाही. मी कचेरीत गेल्यावर तिने कपाट उघडलं. संध्याकाळी आलो तर फाइल टेबलावर, आणि फाइलवर दोन कागद शेजारी शेजारी मांडलेले. वापीचा दाखला आणि ठाण्याच्या बाईंची चिठ्ठी. दोन्हींवर एकाच डॉक्टरांचं नाव. चिठ्ठीवर तारीख नव्वद सालची.

"बाई म्हणाल्या होत्या, बरीच सुधारणा आहे," रजनी म्हणाली. "मी तीन वर्षं विचार करत होते, की माझ्यात सुधारणा आहे तर मग हे असं का होतंय. म्हटलं, दुखणं नाहीच, मीच वाईट."

मी काहीतरी बोलायला गेलो. भावेश, शाळा, सर्व्हिस बुक, शीतलचं लग्न. सगळं बोललो. तिने ऐकून घेतलं आणि दाखला घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती आमच्या शाखेत आली. नेसायला चांगली साडी, हातात अर्ज. माझ्या टेबलाकडे तिने पाहिलंही नाही. भावेशसमोर उभी राहून म्हणाली, "हा माझा रजेचा अर्ज, हा दाखला. पोच द्या." अर्जात रजेचं कारण ह्या रकान्यात तिने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, मानसिक आजार. मला ते माझ्या खुर्चीवरून दिसत होतं. मी उगाच एक गठ्ठा सोडला आणि परत बांधला. भावेशने शिक्का मारला, पोच दिली, "बेसो ने, बेन, चा पीओ," म्हणाला. ती नको म्हणून गेली.

चार दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. टपरीवर कोणी हसलं की मला वाटायचं, झालं. पाचव्या दिवशी भावेशने आदेशाची प्रत माझ्या टेबलावर टाकली. रजा मंजूर. साहेबांची सही, जावक क्रमांक, सगळं रीतसर.

"साहेब काही बोलले?" मी विचारलं.

"शुं बोलायचं?"

"कारण वाचून."

भावेश हसायला लागला. "अरे विश्वनाथभाई, कारण कोण वाचे? हूं तो तारीख बघतो, दिवस मोजतो, दाखल्यावर शिक्का आहे की नाही ते बघतो. साहेब तर ते पण नाही बघत. का, कांई लोचा आहे? दिवस चुकले का?"

"नाही," मी म्हणालो. "दिवस बरोबर आहेत."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा रजनी जेवणाच्या टेबलाशी बसून पत्र लिहीत होती. शीतलला, दापोलीला. शीतल आता तेरा वर्षांची. मी आदेशाची प्रत तिच्यापुढे ठेवली. म्हणालो, "मंजूर झाली. कोणी वाचलंसुद्धा नाही."

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "भावेशला घाई असते, साहेबांना आमची नावंही लक्षात राहत नाहीत. वाचणारे तुम्ही एकटेच होतात."

मी खुर्ची ओढून बसलो.

"गॅदरिंगच्या वर्षी मला जानेवारीतच कळलं होतं, की माझं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली. आवाज साधा होता, रागावल्याचा नव्हता. "डोकं थांबायचंच नाही. रोज ठरवायचे, आज ह्यांना सांगायचं. आणि रोज जेवताना तुम्ही कोणाचा ना कोणाचा आजार घेऊन बसायचात. हसायचात. मग मी भात वाढायचे. तुम्ही नऊ वर्षं लोकांना घाबरलात. मी लोकांना कधीच घाबरले नाही. मी तुम्हाला घाबरत होते."

तिने पत्राची घडी केली, पाकिटात घातली, जिभेने डिंक ओला करून पाकीट चिकटवलं आणि कडेवरून दोनदा बोट फिरवलं.

"दे, उद्या कचेरीतून टाकतो," मी म्हणालो.

"नको," ती म्हणाली. "मी टाकते." आणि पाकीट हातात धरून ती पोस्टाकडे निघाली.